पत्रा बाकी

आमच्या डेकच्या खाली, म्हणजे घरामागे खांबांवर उभारलेल्या लाकडी ओट्याच्या खाली, भिंतीला लागून जी आडवी फळी असते, तिच्यावर मला दोन शब्द सापडले. पेन्सिलीने लिहिलेले. सुतारांची ती जाड, चपटी पेन्सिल असते ना, तिचं अक्षर लगेच ओळखू येतं, उभी रेघ रुंद आणि वळणावर एकदम बारीक. मिस्त्रींनी भिंतीकडच्या तीन फळ्या उचकटून बाजूला ठेवल्या होत्या आणि मला हाक मारली, "ताई, जरा खाली येता का, टॉर्च घेऊन या." मी वाकून, जवळजवळ रांगतच आत गेले. आत ओल्या गोणपाटासारखा वास, आणि त्यात अळंब्यांचा पण थोडा. त्यांनी अंगठ्याने फळीवरची काळपट बुरशी पुसली, टॉर्च तिरका धरला आणि मोठ्याने वाचलं, "पत्रा बाकी." मग माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत, टॉर्च माझ्या हातात देऊन पाणी प्यायला बाहेर गेले. मी तिथेच बसून राहिले, डोक्यावर वाशांची रांग, फटींतून खाली पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या, आणि समोर ते दोन शब्द, 8 वर्षांपूर्वी कुणीतरी स्वतःच्याच आठवणीसाठी लिहून ठेवलेले.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीयेत.

ती फळी म्हणजे काय ते ज्यांच्याकडे डेक आहे त्यांना माहीत असेल, मला मात्र 8 वर्षं माहीत नव्हतं. डेकच्या सगळ्या वाशांचं एक टोक घराच्या भिंतीला बोल्टने आवळलेल्या त्या एका फळीवर टेकलेलं असतं, दुसरं टोक पुढे तुळईवर आणि खांबांवर. म्हणजे अर्ध्या डेकचा भार तिच्यावर. आणि पाऊस आला की भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी नेमकं फळी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरतं, जिथे ना ऊन पोचत ना वारा. म्हणून तिथे वाकवलेल्या पत्र्याची एक पट्टी बसवतात, वरची कड भिंतीत घातलेली, खालची कड फळीच्या पुढे काढलेली, म्हणजे पाणी फळीला न शिवता पुढे गळून पडतं. बस, एवढंच काम त्या पत्र्याचं. वरून फळ्या ठोकल्या की तो कुणाला दिसतही नाही. आमच्याकडे तो नव्हताच. पेन्सिलीचं लिखाण टिकलं कारण ते फळीच्या पुढच्या, त्यातल्या त्यात कोरड्या अंगावर होतं. मागचं अंग, भिंतीकडचं, चिमटीत धरलं तर ओल्या केकसारखं तुटून हातात येत होतं.

हा डेक आम्ही बाबांसाठी केला होता. घराच्या मागच्या बाजूला जमीन उताराची आहे, दारातून बाहेर पडलं की पाच-सहा फूट खोल, त्यामुळे त्यांना मागे कधी जाताच यायचं नाही. डेक झाला आणि त्यांची खुर्ची तिथे गेली, दाराच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून, कारण तिथे सकाळचं ऊन अंगावर येतं. त्यांना आता कमी दिसतं. चालताना काठी आपटत चालतात आणि काठीच्या खालचं रबरी बूच त्यांनी काढून टाकलंय, कितीही वेळा सांगितलं तरी, कारण त्यांना जमिनीचा आवाज लागतो. दार ओलांडलं की टक, टक, टक, मग खुर्ची. दोन वर्षांपूर्वी एकदा बसता बसता ते म्हणाले, "इथला आवाज बदललाय गं." मी म्हटलं, फळी सैल झाली असेल बाबा. स्क्रू ड्रायव्हर आणून दोन स्क्रू पिळले, पायाने दाबून बघितलं, हलत नव्हती, विषय संपला. ते पुढे दोन-तीनदा म्हणाले. टकच्या जागी धप् येतंय म्हणाले. मी दर वेळी त्यांचं वय बघितलं आणि ऐकलं नाही. मिस्त्री पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी हातोडीच्या दांड्याने दारापासून भिंतीच्या कडेकडेने ठोकत नेलं आणि बरोबर बाबांच्या खुर्चीपाशी थांबून म्हणाले, आवाज ऐकला का, इथे बदलतोय.

बाबा तेव्हा खुर्चीतच होते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं फक्त.

आणि असं नाही की मी या डेकची काळजी घेतली नाही. हेच तर बोचतंय. नवीन असताना त्याचा रंग मधासारखा होता, वर्षभरात करडा पडायला लागला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं, मग वाचलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा जो डिंक असतो तो सुटतो, पावसाने धुऊन जातो आणि मागे उरतात ते पांढरट तंतू. वरवरचंच असतं ते. मग मी दर दोन वर्षांनी तेल द्यायला लागले. आधी मऊ ब्रशने धुवायचं, प्रेशर वॉशरचा फवारा जवळ धरायचा नाही नाहीतर लाकडाचे मऊ भाग खरवडून निघतात आणि फळीला लव आल्यासारखं होतं, मग दोन दिवस कडक वाळू द्यायचं, मग रेषेच्या दिशेने तेल, आणि पंधरा-वीस मिनिटांनी जे आत मुरलं नाही ते फडक्याने पुसून घ्यायचं. गरम झालेल्या लाकडावर तेल पसरताना जो वास येतो, थोडा गवताचा, थोडा जुन्या लायब्ररीचा, तो मला फार आवडतो. कधी द्यायचं ते कळायला पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे, मोत्यासारखे बसून राहिले तर अजून वेळ आहे, पसरून मुरले तर कामाला लागायचं. हे सगळं मी मनापासून केलं, गुडघे दुखेपर्यंत. आणि दर रविवारी होज घेऊन डेक धुवायचे. सुरुवात कुठून करायची? भिंतीपासून. म्हणजे घाण पुढे वाहून जाईल. पाऊस नसायचा तेव्हाही त्या फटीला पाणी मिळत राहिलं, माझ्या हाताने.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "असू द्या ताई, पत्रा असता तर तुम्ही रोज धुतलं असतं तरी काही झालं नसतं." त्यांना मला बरं वाटावं म्हणून म्हणायचं होतं की खरंच तसं आहे, कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

बाबांना जहाजांचं वेड आहे, लहानपणापासून. हा डेक बांधत होते तेव्हा ते सुताराला ऐकवायचे की डेक हा शब्दच मुळात जहाजावरचा, आणि तिथे खलाशी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून वाळूच्या दगडाने फळ्या घासायचे, समुद्राच्या पाण्याने धुवायचे. धुतल्याने फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडायच्या आणि मधल्या सांध्यात ताग आणि डांबर ठासलेलं असायचं, त्यामुळे पाणी खाली जायचं नाही. त्यांचं लाडकं उदाहरण त्रिंकोमाली जहाजाचं. 1817 साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. मला तेव्हा ते ऐकताना एवढंच वाटायचं की सुताराचा वेळ जातोय. आता परवा बाबांनी त्यातलंच एक वाक्य परत सांगितलं आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं, की लाकडी जहाजाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याची भीती जास्त. खारं पाणी बुरशीला मानवत नाही, गोडं मानवतं, आणि ते कुठल्या तरी सांध्यातून आत झिरपून कोपऱ्यात बसलं की लाकूड आतून जातं, वरून काही कळत नाही. त्यांना हे माहीत होतं, आवाजही त्यांनाच ऐकू आला होता.

तर या वेळी दुरुस्तीसाठी मी तिघांना बोलावलं होतं. पहिले आले ते उभ्याउभ्या, बुटाने दोन ठिकाणी दाबून बघितलं, दहा मिनिटांत आकडा सांगितला. वरून सँडिंग, दोन कोट, नव्यासारखा करून देतो. आकडा इतका कमी होता की मी खूश झाले होते, खरं सांगते. दुसरे म्हणाले सगळ्या फळ्या काढून टाका, कॉम्पोझिट घाला, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकची असते ती, कुजत नाही, तेल नाही, काही नाही. हे मला पटलंच होतं जवळजवळ. पण कॉम्पोझिटच्या फळ्या घातल्या तरी खालचे वासे आणि भिंतीची फळी बहुतेक वेळा लाकडाचीच राहते, हे मला तिसऱ्यांनी सांगितलं. म्हणजे वर न कुजणारं आणि खाली कुजलेलं, तसंच, पुढची किती वर्षं कुणी बघितलं नसतं कोण जाणे.

तिसरे म्हणजे हे मिस्त्री. आले, नमस्कार केला, बाबांना खुर्ची जरा पुढे घ्यायला लावली, आणि काही न विचारता डेकच्या बाजूने उतरून खाली गेले. बरोबर एक मुलगा होता, विशीतला, त्याने खाली गोणपाट अंथरलं आणि ते उताणे झोपून टॉर्च मारत मारत पूर्ण लांबीभर सरकत गेले. मी वरून फटींतून प्रकाश हलताना बघत होते. मग टक, टक, असा आवाज, आणि मग आवाज नाहीच. बाहेर आले तेव्हा केसात जाळी, शर्टाला माती. स्क्रू ड्रायव्हर दाखवला, पात्यावर बोटभर वर ओलसर तपकिरी भुगा लागलेला. "एवढा गेला आत. जोर न लावता." मग खिशातून ओलावा मोजायचं छोटं यंत्र काढलं, दोन सुया असतात त्याला, त्या लाकडात टोचायच्या. पुढच्या तुळईवर 14 टक्के. मधल्या वाशावर 15. भिंतीच्या फळीवर 30 च्या वर. म्हणाले, 20 च्या खाली असेल तर बुरशी लाकूड खाऊ शकत नाही, वर गेलं आणि तसंच राहिलं की खायला लागते. मग एक बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. डोकं शाबूत, टोक शाबूत, आणि मध्ये, जिथे तो फळी आणि भिंतीच्या फटीतून जात होता तिथे, गंजून गंजून कंबर बारीक झालेली. पेन्सिलीएवढी. तो बोल्ट मी बराच वेळ धरून होते, थंड होता आणि हाताला गंजाचा वास लागला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

बाबांची खुर्ची त्या दिवशी घरात आली.

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले आणि वाचायला नको होतं ते वाचलं. 2015 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका इमारतीची बाल्कनी मध्यरात्रीनंतर तुटून पडली, वाढदिवसाला जमलेली कॉलेजची मुलं होती, बहुतेक आयर्लंडहून उन्हाळ्यापुरती आलेली, त्यातली 6 गेली, 7 जण जखमी झाले. बाल्कनीचे लाकडी वासे आतून कुजलेले होते. इमारत 2007 ची. म्हणजे 8 वर्षं फक्त, आमच्या डेकएवढीच. बाहेरून ती बाल्कनी चांगली दिसत होती. त्यानंतर 2018 साली तिथे कायदा आला की भाड्याच्या इमारतींच्या अशा लाकडी बाल्कन्यांची दर 6 वर्षांनी तपासणी करायची, आणि नुसती वरवर बघून नाही, त्यातल्या काहींचे भार घेणारे भाग नमुन्यादाखल नीट तपासून. आमच्या डेकची उंची त्याच्या पासंगालाही पुरत नाही हे मला कळतं. पण एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला पाच फूट खूप असतात. मी उठून दिवा लावला, मागचं दार आतून बंद आहे ना ते बघितलं, परत आले, परत उठून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा राग त्या आधीच्या सुतारावर जमायला लागला. तो राग मला हवा होता, कारण त्याने हलकं वाटत होतं. पण मिस्त्री जसजसे एकेक फळी काढत गेले तसतसे अधूनमधून असं काही म्हणायचे की तो राग नीट उभाच राहीना. हे बघा, खांब मातीत नाही गाडले, लोखंडी बुटावर जमिनीपासून वर उचललेत, हे फार कमी लोक करतात. हे बघा, वाशांची कापलेली टोकं सगळी औषध लावून बंद केलीत. लाकूड त्याच्या टोकाकडून सर्वात जास्त पाणी पितं, झाडात असताना पाणी त्याच नळ्यांतून वर जायचं ना, म्हणून टोक उघडं सोडायचं नसतं, आणि कापल्यावर आतलं ताजं लाकूड उघडं पडतं तिथे औषध परत लावावं लागतं. ते त्याने प्रत्येक ठिकाणी केलं होतं, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथेसुद्धा. "हाताचा चांगला माणूस होता," मिस्त्री म्हणाले. "घाईत सुटलं असेल."

घाईत.

आणि मग मला तो आठवडा आठवला. शुक्रवारी दुपारी भिंतीकडच्या शेवटच्या फळ्या बसायच्या होत्या आणि शनिवारी सकाळी बहीण आणि तिची मुलं येणार होती, दोन वर्षांनी. मला त्यांना डेकवर बाबांबरोबर बसलेलं बघायचं होतं, मनात ते चित्र इतकं पक्कं होतं की मी सकाळपासून दर तासाला मागे जाऊन विचारत होते, आज होईल ना, आज होईल ना. आणि ते म्हणाले होते, "ताई, एक दिवस अजून मिळाला तर बरं, भिंतीकडचं थोडं राहिलंय, पत्रा उद्या मिळेल." मी म्हटलं, "ते नंतर करा ना, आता वरून तर होऊ द्या." असं मी म्हटलं का? मला स्पष्ट ऐकू येतंय, त्यांचा आवाज, माझा आवाज, मागे ड्रिलचा आवाज. पण हे मला आधीपासून आठवत होतं की ते दोन शब्द वाचल्यावर मी ते मनात जुळवलंय, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र नक्की आठवते, कारण ती नंतरही कधीकधी आठवायची. काम संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, "खाली येऊन बघता का एकदा?" आणि मी नव्या साडीत होते, पाहुणे यायचे होते, म्हटलं, "नको हो, तुम्ही केलंय म्हणजे चांगलंच असणार." आणि तिथल्या तिथे राहिलेले सगळे पैसे मोजून दिले. मला वाटलं होतं मी त्यांच्यावर विश्वास दाखवतेय. त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. तेव्हा मला वाटलं दमले असतील. आता वाटतं की त्या माणसाने तीन आठवडे खाली वाकून जे केलं होतं ते त्याला कुणालातरी दाखवायचं होतं, आणि दाखवता दाखवता हेही सांगायचं होतं की इथे एवढं राहिलंय.

म्हणून या वेळी मिस्त्रींबरोबर सगळं लिहून काढलं. ते स्वतःच म्हणाले लिहा म्हणून. कुठलं लाकूड, कुठला बोल्ट, किती अंतरावर, पत्रा कशाचा, कुजलेलं अजून निघालं तर त्याचा हिशोब कसा, आणि पाऊस लागला तर दिवस कसे मोजायचे. पैसे तीन टप्प्यांत, आणि शेवटचा टप्पा काम बघितल्यावर. मला वाटलं होतं त्यांना याचा राग येईल, उलट तेच बोलले की सगळे पैसे आधी मिळाले की माणूस पुढच्या कामाच्या मागे लागतो, वाईट नसतो, पण लागतो. जुन्या कामांपैकी एक दाखवायलाही घेऊन गेले, नवंकोरं नाही, 5 वर्षांपूर्वीचं. मी म्हटलं ताजं काम दाखवा ना, तर म्हणाले ताजं सगळ्यांचंच छान दिसतं. आणि मी एकच अट माझ्याकडून घातली. काहीही झाकायच्या आधी मला हाक मारायची. मी कुठेही असले तरी येईन, गुडघे दुखत असले तरी खाली उतरेन.

पुढचे नऊ दिवस त्यांनी मला नेमाने हाका मारल्या. भिंतीत खाच मारली तेव्हा, सगळीकडे पिठासारखी धूळ. नवी फळी लावली तेव्हा, भिंतीला चिकटवून नाही, मध्ये बोटभर अंतर ठेवून, मागून वारा फिरावा म्हणून, आणि तसं करताना बोल्ट त्या हिशोबाने जाड आणि लांब घ्यावे लागतात हेही समजावलं. आताच्या औषध मारलेल्या लाकडात तांबं जास्त असतं म्हणाले, आधी आर्सेनिकवालं औषध असायचं, अमेरिकेत घरगुती कामांसाठी ते 2003 च्या शेवटी थांबलं, नवं औषध माणसांना बरं पण लोखंडाला वाईट, साधा खिळा त्यात लवकर गंजतो. म्हणून सगळं स्टेनलेस. वाशांच्या माथ्यावर काळी चिकट टेप बसवली, स्क्रूच्या भोकातून पाणी आत जाऊ नये म्हणून, ती चिकटवायचं काम त्या मुलाकडे होतं आणि तो जीभ दातांत धरून इतकं मन लावून करायचा की मी बोलायचे थांबायचे. फळ्या बसवताना दोन फळ्यांत खिळा उभा धरून तेवढी फट सोडायची. जुन्या फळ्यांच्या मध्ये कुजका पाचोळा इतका ठासून भरला होता की तिथे रोप उगवलं होतं, आणि मी ते कौतुकाने ठेवलं होतं. पाचोळा म्हणजे ओला स्पंजच तो, फळीच्या कडेला कायमचा लावून ठेवलेला. आता माझ्याकडे एक जुनी बोथट सुरी आहे, दर महिन्याला फटींतून फिरवते.

बाबा या सगळ्या वेळात दाराच्या आत बसून होते, काठी मांडीवर आडवी. त्यांना रंध्याचा आवाज फार आवडला. एकदा त्यांनी त्या मुलाकडून लाकडाची एक लांब गोल ढलपी मागून घेतली आणि दिवसभर बोटांना गुंडाळत बसले, मधूनच हुंगायचे. कूज सापडली त्या दिवसानंतर त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही की मी सांगत होतो. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तेल अजून दिलेलं नाहीये. नवं लाकूड अजून ओलं आहे, थेंब टाकले की नुसते बसून राहतात, मिस्त्री म्हणाले थेंब मुरायला लागले की तुमचं काम सुरू. आणि जाताना दारात थांबून एक गोष्ट दोनदा सांगून गेले, की तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा करून टाकलेलं फडकं काडी न लावता आपोआप पेटू शकतं, म्हणून बाहेर पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची. मी 8 वर्षं ती जिन्याखालच्या बादलीत कोंबून ठेवत आले होते.

जुन्या फळीचा तो तुकडा, अक्षरांचा, त्यांनी विचारलं काय करू याचं. औषध मारलेलं लाकूड जाळायचं नसतं, धूर आणि राख दोन्ही वाईट, ते सगळं गोळा करून पाठवायचं होतं. मी म्हटलं एवढा कापून द्या. वीतभर तुकडा आहे, मागची बाजू भुसभुशीत, पुढची बरी. तो माझ्या टेबलावर दोन आठवडे पडून होता. येता-जाता दिसायचा. फोनमध्ये त्या आधीच्या सुतारांचा नंबर होता, नावापुढे डेक असं लिहिलेला, तोही दिसायचा. भांडायला फोन करायचा नव्हता, माफी मागायची होती का तेही कळत नव्हतं, पण तो तुकडा तसाच ठेवून रोज त्याच्याकडे बघणं जमत नव्हतं. परवा संध्याकाळी केला.

दुसऱ्या रिंगला उचलला. नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "बोला ताई. बाबा कसे आहेत?" मी म्हटलं बरे आहेत. मग कसं सांगायचं ते सुचेना म्हणून जसं होतं तसं सांगितलं, फळी कुजली, बदलली, तिच्यावर तुमचं अक्षर होतं बहुतेक, पत्रा बाकी असं. पलीकडे काहीच आवाज नाही. मागे कुठेतरी कुणीतरी लाकूड कापत होतं, ते थांबलं.

"बाबा पडले का?"

"नाही. कुणीच नाही पडलं."

"नक्की?"

"नक्की."

ते परत गप्प. मग म्हणाले, अक्षर माझंच. सोमवारी येणार होतो. एवढंच म्हणाले, पुढे काही जोडलं नाही, आणि मीही त्या शुक्रवारबद्दल जे बोलणार होते ते घशातच राहिलं, फक्त म्हटलं की मी तुम्हाला फार घाई केली होती. ते म्हणाले, गिऱ्हाईक घाई करणारच ताई. मग जरा वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, कामाच्या आवाजात, विचारलं, "आता लावलाय ना पत्रा?"

"लावलाय."

"कशाचा? ॲल्युमिनियमचा नाही ना? त्या लाकडाला ते चालत नाही."

"नाही, स्टेनलेसचा आहे."

"आणि वरची कड? भिंतीवर नुसती चिकटवली की आत घेतलीय?"

"आत घेतलीय," मी म्हटलं. "खाच मारून, बोटाच्या पेराएवढी आत. वरून सीलंट भरलंय. खालची कड फळीच्या पुढे काढून खाली वाकवलीय. मी बघितलंय."